डोंगरातले चार दिवस आणि घरातला थकवा

सोलापूरच्या एका शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. यजमानांचा टॉवेलचा यंत्रमाग कारखाना आहे, मुलगा १४ वर्षांचा, मुलगी ९ वर्षांची आणि सासूबाई ६८ वर्षांच्या असून त्यांना रक्तदाब व गुडघेदुखी आहे. वर्षभरात घरातल्या सगळ्यांचाच स्वभाव चिडचिडा झाला आहे. म्हणून गेल्या मे महिन्यात दोन रात्रींसाठी महाबळेश्वरला जाऊन आले, पण जाताना होता त्याहून अधिक थकवा घेऊन घरी परतले. आता यजमान म्हणतात की हा पैशांचा अपव्यय आहे. डोंगरात कुटुंबासह जाण्याने मनाला खरोखर विसावा मिळतो का, आणि मिळत असेल तर तो आम्हाला का मिळाला नाही, असे त्या विचारतात. पुढच्या वेळी दिवाळीच्या सुट्टीत जावे की पुन्हा मेमध्ये, हाही त्यांचा प्रश्न आहे.

तुमचा अनुभव अपवादात्मक नाही. सोलापुरात गेली २६ वर्षे मानसोपचाराचे काम करताना दरवर्षी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मला अशी कुटुंबे भेटतात, जी नुकतीच थंड हवेच्या ठिकाणाहून परतलेली असतात आणि तरीही ज्यांच्या चेहऱ्यावर झोप अपुरी राहिल्याचे स्पष्ट दिसते. त्यांना मी जे सांगतो तेच तुम्हालाही सांगतो. डोंगर स्वतः औषध नाही, पण घरी ज्या तीन गोष्टी मिळत नाहीत त्या तिथे मिळू शकतात. पहिली सलग झोप, दुसरी लक्ष मोकळे सोडण्याची सवड आणि तिसरी घरातल्या कामांची वेगळी वाटणी. या तीन गोष्टी मिळाल्या तर चार दिवसांचा उपयोग नक्की होतो. त्या न मिळाल्यास महाबळेश्वर काय आणि मनाली काय, तुम्ही फक्त थकवा एका गावाहून दुसऱ्या गावी नेऊन परत आणता.

डोंगराच्या हवेवरचा आपला विश्वास जुना आहे आणि त्याला इतिहासही आहे. १८२७ ते १८३० या काळात मुंबई प्रांताचे गव्हर्नर असलेल्या जॉन माल्कम यांनी महाबळेश्वर वसवले ते मुळात आजारी माणसांना आराम मिळावा म्हणून, आणि तिथली माल्कमपेठ आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. पुढे पाचगणीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. क्षयावर परिणामकारक औषध नव्हते तेव्हा विश्रांती, सकस आहार आणि स्वच्छ हवा एवढाच उपचार वैद्यांच्या आणि डॉक्टरांच्या हाती होता. औषधे आल्यानंतर मात्र मद्रासमध्ये एक महत्त्वाचा अभ्यास झाला आणि १९५९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात गरीब व गर्दीच्या वस्तीतल्या घरी राहून गोळ्या घेणारे रुग्ण आणि आरोग्यधामात राहून त्याच गोळ्या घेणारे रुग्ण यांच्या बरे होण्यात म्हणावा असा फरक आढळला नाही. हवेला औषध समजू नये असे मी म्हणतो ते यामुळेच. मात्र त्या अभ्यासाचा प्रश्न जंतूंचा होता, आणि तुमच्या घरातला प्रश्न जंतूंचा नाही. तो दमलेल्या मेंदूचा आहे, आणि दमलेल्या मेंदूला काय लागते हा वेगळा विषय आहे.

आधी झोपेबद्दल सांगतो, कारण सोलापूरकरांच्या बाबतीत सर्वांत मोठा वाटा तिचाच आहे. झोप लागताना शरीराच्या आतले तापमान सुमारे एक अंशाने खाली यावे लागते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दिवसा पारा ४२ अंशांच्या वर जातो, स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो आणि पहाटे कुठे जरा गारवा येतो न येतो तोच उठायची वेळ होते. अशा दीड-दोन महिन्यांत माणूस बिछान्यावर सात तास पडलेला असला तरी गाढ झोप त्याच्या वाट्याला फार थोडी येते. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर उंचीला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. सोलापूर साडेचारशे मीटरच्या थोडे वर आहे आणि महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास, म्हणजे केवळ उंचीमुळेच सहा अंशांच्या जवळपास फरक पडतो. त्यात झाडी आणि पश्चिमेकडून येणारा वारा यांची भर पडली की मेमध्येही तिथे रात्री अंगावर पांघरूण घ्यावेसे वाटते. ज्या गावाच्या चादरी देशभर गेल्या, त्या गावच्या माणसाला तीन महिन्यांनंतर चादर अंगावर ओढून झोपण्याचे सुख मिळते. माझ्या रुग्णांपैकी अनेकांना सहलीतले ठिकाण आठवत नाही, पण ती झोप आठवते.

दुसरी गोष्ट लक्षाची. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे की, ‘घरात असताना डोके सतत कशात तरी अडकलेले असते.’ ते अडकणे नेमके कशात असते ते पाहा. चार-पाच दिवसांनी येणारे नळाचे पाणी आज येणार की उद्या, मोटार लावायला घरी कोण असेल, सासूबाईंची गोळी संपत आली का, मुलीच्या शाळेतल्या प्रकल्पाला कागद आणला का, आणि या सगळ्याच्या जोडीला तुमचे स्वतःचे वर्गातले काम. यातले एकही काम अवघड नाही, पण प्रत्येकावर पाळत ठेवावी लागते आणि ही पाळतच माणसाला दमवते. झाडांकडे, ढगांकडे किंवा दरीतल्या धुक्याकडे पाहताना लक्ष आपोआप जाते, ते ओढून धरावे लागत नाही, म्हणून लक्ष ओढून धरणाऱ्या यंत्रणेला तेवढा वेळ विसावा मिळतो. अमेरिकेतले रॉजर अल्रिच यांनी १९८४ मध्ये पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते रुग्ण, खिडकीतून विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. अभ्यास लहान होता, दोन्ही गटांत मिळून ४६ रुग्ण होते, त्यामुळे त्यावर मोठी इमारत उभारू नये. तरी रोजच्या अनुभवाशी तो जुळतो आणि रुग्णालयांच्या रचनेवर त्याचा परिणामही झाला.

यजमानांबद्दल तुम्ही लिहिले आहे की ते घरात मोठ्याने बोलतात आणि मुले दचकतात. यंत्रमाग चालवणाऱ्या घरांत मी हे नेहमी पाहतो. मागांच्या खडखडाटात शेजारच्या माणसाशी बोलायचे तरी ओरडावे लागते, दिवसाचे दहा-बारा तास ती सवय होते आणि तोच आवाज घरी जेवणाच्या ताटावर येतो. बायकोला आणि मुलांना तो राग वाटतो, त्याला स्वतःला तो मोठा आवाज आहे हेच कळत नाही. माझ्याकडे येणारे असेच एक कारखानदार काही वर्षांपूर्वी कुटुंबासह पन्हाळ्याला चार रात्री राहिले होते. परतल्यावर त्यांच्या पत्नीने मला जे सांगितले ते मी विसरलेलो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते तटबंदीवर बसले होते, खाली दाट धुके होते, आणि त्यांनी मुलीला विचारले, ‘चहा घेशील का गं?’ हे वाक्य त्यांनी इतक्या हळू आवाजात विचारले की मुलगी आईकडे वळून पाहू लागली. त्या मुलीने वडिलांचा तो आवाज त्याआधी क्वचितच ऐकला होता. पहिले दोन दिवस मात्र ते तिथेही ओरडूनच बोलत होते, हेही त्यांच्या पत्नीने सांगितले, आणि माझ्या दृष्टीने ही दुसरी माहिती पहिलीइतकीच मोलाची आहे.

याचे कारण असे की शरीराची गती उतरायला वेळ लागतो. तुमच्या सहलीचा हिशेब मांडून पाहा. सोलापूरहून पंढरपूर, सातारामार्गे महाबळेश्वर अडीचशे किलोमीटरच्या वर आहे, वाटेतले थांबे धरून सात तास सहज जातात, म्हणजे जाण्यायेण्याचे दोन दिवस गाडीतच गेले. मधला जो एकच पूर्ण दिवस उरला, त्यात तुम्ही सात पॉइंट, मंदिर, बोटिंग आणि बाजार केला. तुमच्या पत्रात ही यादी वाचताना मला प्रत्येक ठिकाणचे वाहनतळ डोळ्यांसमोर आले. झोप किती मिळाली असेल? डोंगराकडे शांतपणे बघत बसण्याचा वेळ किती मिळाला असेल? म्हणून दोन रात्रींच्या सहलीला मी सहल म्हणतो, विश्रांती म्हणत नाही. लांबच्या ठिकाणी जायचे असेल तर किमान चार रात्री काढा आणि त्यातला पहिला व शेवटचा दिवस प्रवासाचा समजून बाकीच्या तीन दिवसांत रोज एकच बाहेरचा कार्यक्रम ठेवा, तोही सकाळी. दुपार पूर्ण रिकामी असू द्या. रिकाम्या दुपारी पहिल्या दिवशी मुले ‘कंटाळा आला’ म्हणतील, ते म्हणू द्यावे. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच काहीतरी शोधतात.

तिसरी गोष्ट कामांच्या वाटणीची, आणि याबद्दल मी आग्रहाने लिहितो आहे, कारण बहुतेक कौटुंबिक सहली इथेच फसतात. सामान भरणे, औषधे आठवणीने घेणे, सासूबाईंना काय चालेल आणि मुलीला काय तिखट लागेल हे हॉटेलात सांगणे, ओले कपडे वाळत घालणे, परत आल्यावर चार दिवसांचे धुणे काढणे, ही सगळी कामे आईच करत असेल तर घरातल्या ज्या व्यक्तीला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज आहे तिच्या कामाची फक्त जागा बदलते. बायका माझ्यासमोर बसून सांगतात, ‘डॉक्टर, सगळे म्हणाले मजा आली, आणि मला रडू येत होते.’ यात कृतघ्नपणा काही नाही, हा साधा थकवा आहे. म्हणून निघण्यापूर्वीच ठरवा की या चार दिवसांत जेवण कुठे व काय हे यजमान ठरवतील, आजीची औषधे नातू देईल आणि तुम्हाला कोणीही ‘माझे अमुक कुठे आहे’ असे विचारणार नाही. १४ वर्षांच्या मुलाला औषधांची जबाबदारी झेपते, उलट ती दिल्याने तो मोठा झाल्यासारखा वागतो. जेवणाचा प्रश्न हलका करायला आपल्याकडची जुनी शिदोरी पुरेशी आहे. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही मिळाले की एका वेळची सोय कुठेही होते आणि हॉटेल शोधण्याची वणवण वाचते.

मुलाबद्दल तुम्हाला वाटणारी काळजी, की तो बोलत नाही, ती मी समजू शकतो. या वयाच्या मुलांना समोरासमोर बसवून ‘काय झाले सांग’ म्हटले की ती मिटून जातात. चालताना मात्र दोघांची नजर समोरच्या वाटेवर असते, एकमेकांच्या डोळ्यांत पाहावे लागत नाही, मधली शांतता अवघड वाटत नाही, आणि मग अर्ध्या वाटेवर एखादे वाक्य आपोआप बाहेर पडते. वडिलांनी रोज सकाळी त्याला एकट्याला घेऊन तास-दीड तास झाडीतून चालून यावे, अभ्यासाचा विषय काढू नये आणि फोन खोलीत ठेवावा. २०१५ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात निसर्गात ९० मिनिटे चालून आलेल्या लोकांमध्ये स्वतःबद्दलचे तेच तेच नकारात्मक विचार घोळवण्याचे प्रमाण कमी झालेले आढळले, तर वाहत्या रस्त्याच्या कडेने तेवढेच चाललेल्यांमध्ये तसे झाले नाही. त्यामुळे बाजारपेठेतल्या फेरीला या चालण्याच्या जागी धरू नका.

सासूबाईंना गाडीत बसवून पॉइंट दाखवत फिरवणे आणि खोलीवर सामान राखायला ठेवणे, या दोन्ही टोकांपासून त्यांना वाचवा. तळमजल्यावरची, समोर ओसरी असलेली खोली घ्या, खर्च थोडा वाढला तरी चालेल. त्यांना दरी दिसेल अशी खुर्ची मिळाली आणि शेजारी कोणीतरी अर्धा तास बसले की त्यांची सहल झाली. रक्तदाबाच्या गोळ्यांबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा. लघवी वाढवणारी गोळी असेल तर प्रवासात अडचण नको म्हणून वयस्क बायका ती परस्पर बंद करतात आणि पाणीही पीत नाहीत. वाटेत स्वच्छ शौचालये मिळत नाहीत हे खरे आहे, पण त्यापायी डोकेदुखी, चक्कर आणि वाढलेला रक्तदाब घेऊन घाट चढू नये. गोळीची वेळ बदलता येते का ते निघण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांना विचारा आणि थांबे आधीच ठरवा. मुलीला घाटात उलटी होते असे तुम्ही लिहिले आहे. तर वाईपर्यंत हलके खायला द्या, पसरणीचा घाट सुरू होण्याआधी तिच्या हातातला मोबाइल काढून घ्या, तिला खिडकीशी बसवून लांबवर पाहायला सांगा, आणि तिच्या डॉक्टरांनी सुचवलेली गोळी असेल तर ती घाट लागण्यापूर्वी अर्धा ते एक तास आधी द्या. सह्याद्रीत उंचीचा त्रास होत नाही, कारण कळसूबाईचे शिखरसुद्धा १६४६ मीटरच आहे. उद्या हिमालयात जायचे ठरवले तर हा विचार बदलावा लागेल. अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो आणि लेहसारख्या साडेतीन हजार मीटरच्या ठिकाणी विमानाने थेट उतरणे सासूबाईंच्या प्रकृतीला मानवणारे नाही.

यजमानांच्या आक्षेपाला मी टाळणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. नेदरलँड्समधील संशोधकांनी सुट्टीवर जाणाऱ्या नोकरदारांचा अभ्यास केला, तेव्हा सुट्टी सुरू होताच बरे वाटू लागते, लांब सुट्टीत ते आठव्या दिवसाच्या सुमारास सर्वाधिक असते आणि कामावर परतल्यानंतर पहिल्या आठवड्यातच ते पूर्वपदावर येते, असे आढळले. म्हणजे वर्षातून एकदा मोठा खर्च करून वर्षभराची शिल्लक जमा होते ही समजूत चुकीची आहे. त्यावर माझे उत्तर असे की खर्च वाटून घ्या. एक चार रात्रींची सहल आणि वर्षभरात दोन-तीन जवळच्या छोट्या फेऱ्या करा. बालाघाटाचे डोंगर आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर सुरू होतात. तुळजापूरला आपण देवीच्या दर्शनाला जातो आणि घाट तसाच मागे टाकून परततो. पावसाळ्यात येडशीजवळ रामलिंगच्या झाडीत एक दिवस काढला तर मुलांना धबधबा, माकडे आणि ओली माती हे सगळे मिळते. नळदुर्गच्या किल्ल्यात बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला पाणीमहाल आहे, पाऊस चांगला झाला की त्याच्या दोन्ही बाजूंनी पाणी कोसळू लागते, ते पाहायला लांबून माणसे येतात. आठवड्यातून मिळून दोन तास निसर्गात घालवणारे लोक आपली प्रकृती व मन अधिक चांगले असल्याचे सांगतात, असे इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवरून २०१९ मध्ये दिसून आले. बरे असलेली माणसेच जास्त बाहेर पडत असतील हीही शक्यता त्यात आहे. तरी विजापूर रस्त्यावरचे स्मृती उद्यान किंवा संभाजी तलावाचा काठ यांना फारसे पैसे पडत नाहीत आणि हे दोन तास तिथे सहज भरतात. तिसऱ्या दिवशी तटबंदीवर उतरलेला तो आवाज घरी टिकवायचा असेल, तर त्याला अशी अधूनमधून उजळणी लागते.

आता एका गोष्टीवर स्पष्ट बोलायला हवे. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिले आहे की, ‘मला पहाटे तीन-चारला जाग येते आणि पुन्हा झोप लागत नाही.’ हे कधीतरी होत असेल तर चिंता नको. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळपास रोज होत असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत मन लागत नसेल, भूक मंदावली असेल किंवा जगणे नको असे विचार येत असतील, तर सहलीची वाट पाहू नका. ते नैराश्याचे लक्षण असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाला किंवा शासकीय रुग्णालयातील मानसोपचार विभागाला भेटा, आणि बोलण्याची तातडी वाटली तर १४४१६ या शासनाच्या टेलिमानस क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतूनही बोलता येते. नैराश्य असलेल्या माणसाला डोंगरात नेले आणि ‘आता तरी हस’ म्हटले की त्याची अपराधी भावना वाढते, हे मी अनेकदा पाहिले आहे. आधी उपचार सुरू करावेत, थोडी उभारी आली की मग जावे.

दिवाळी की मे, याबद्दल माझे मत दिवाळीच्या बाजूने आहे. मेमधला गारवा हवाहवासा असतो हे मान्य, पण तेव्हा गर्दी, खोल्यांचे दर आणि घाटातली वाहनांची रांग तो गारवा खाऊन टाकतात. दिवाळीत माग काही दिवस बंदच असतात, त्यामुळे यजमानांचा फोन कमी वाजतो, आणि पाऊस नुकताच सरलेला असल्याने डोंगर हिरवे असतात. भाऊबीजेनंतरचे दोन-तीन दिवस सोडून सुट्टीच्या उत्तरार्धात, शक्यतो सोमवार ते शुक्रवार जा. महाबळेश्वरच हवे असा हट्ट नसेल तर सांगोला-मिरजमार्गे पन्हाळा पाहा, तिथे गजबज कमी असते आणि सासूबाईंना फार चढउतार करावी लागत नाही. कर्जाचा आणि कारखान्याच्या वसुलीचा विषय किमान पहिले दोन दिवस काढायचा नाही, हे दोघांनी आधीच ठरवून घ्या. शाळा सुरू होण्याच्या आदल्या रात्री परतू नका, मध्ये एक पूर्ण दिवस घरी मिळेल असे पाहा आणि त्या दिवशी स्वयंपाक करू नका. निघताना घराची किल्ली शेजारच्या वहिनींकडे द्या आणि त्या चार दिवसांत नळाला पाणी आले तर टाकी त्या भरून ठेवतील असे त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा, म्हणजे तटबंदीवर बसलेले असताना तुमचे मन मोटारीच्या बटणापाशी येणार नाही.